नंदना किल्ल्यावरून मोजलेली पृथ्वी

अबू रैहान मुहंमद अल-बिरुनी या विद्वानाने सुमारे हजार वर्षांपूर्वी पृथ्वीची त्रिज्या मोजली आणि ती ९९ टक्क्यांहून अधिक अचूक निघाली, असे समाजमाध्यमांवर वारंवार वाचायला मिळते. त्याने त्रिज्या मोजली हे खरे आहे. अचूकतेच्या टक्केवारीबद्दल मात्र सावध राहावे लागते. शिवाय त्या एका आकड्याच्या कौतुकात त्याच्या पद्धतीकडे, म्हणजे या प्रकरणातल्या खऱ्या रसाच्या भागाकडे, सहसा कोणी वळत नाही.

बिरुनीचा जन्म इ. स. ९७३ मध्ये ख्वारिझम प्रांतातील काथ येथे झाला. अरल समुद्राच्या दक्षिणेचा हा भाग आज उझबेकिस्तानात येतो. वयाच्या चोविसाव्या वर्षी, ९९७ मध्ये, त्याने काथहून एक चंद्रग्रहण पाहिले. तेच ग्रहण बगदादमध्ये अबुल वफा अल-बूझजानी हा ज्येष्ठ गणिती पूर्वसंकेतानुसार पाहत होता. ग्रहण सर्वत्र एकाच क्षणी घडते, स्थानिक वेळा मात्र वेगळ्या असतात; त्या वेळांमधील फरकावरून दोघांनी काथ आणि बगदाद यांच्या रेखांशांतील अंतर काढले. पुढे १०१७ मध्ये महमूद गझनवीने ख्वारिझम जिंकले आणि तेथील इतर विद्वानांबरोबर बिरुनीलाही गझनीला नेले. तो तेथे दरबारी होता की नजरकैदी, यावर इतिहासकारांनी बरेच लिहिले आहे. त्याला मनाप्रमाणे कोठेही जाण्याची मोकळीक नव्हती, एवढे त्याच्या लेखनावरून दिसते.

या काळातील एक नोंद मला त्याच्या मोठमोठ्या ग्रंथांइतकीच महत्त्वाची वाटते. १०१८ च्या ऑक्टोबरमध्ये तो काबूलजवळच्या एका खेड्यात होता. त्याला तेथील अक्षांश हवा होता, पण जवळ एकही उपकरण नव्हते. तेव्हा त्याने हिशेबाच्या पाटीच्या मागच्या बाजूवर वर्तुळाचा कंस काढला, त्यावर अंशांच्या खुणा केल्या, ओळंबा सोडला आणि त्या पाटीवर सूर्याची उंची मोजून काम भागवले.

आता पृथ्वीच्या आकाराकडे वळू. बिरुनीला तो हवा होता, त्यामागे एक व्यावहारिक कारण होते. गझनीहून मक्केची दिशा, म्हणजे नमाजासाठी लागणारा किब्ला, गणिताने ठरवायची तर दोन्ही ठिकाणांचे अक्षांश आणि रेखांश माहीत हवेत. अक्षांश सूर्यावरून वा ताऱ्यांवरून मिळतो, रेखांश मात्र हट्टी असतो. ग्रहणाची संधी क्वचित येते, म्हणून बिरुनीने दुसरा मार्ग धरला. एका शहरापासून दुसऱ्या शहरापर्यंतचे प्रवासी अंतर घ्यायचे, रस्त्याच्या वळणांसाठी त्यातून काही भाग वजा करायचा आणि उरलेल्या अंतराचे अंशांत रूपांतर करायचे. या रूपांतरासाठी पृथ्वीच्या पाठीवर एक अंश म्हणजे किती मैल, हे ठाऊक असणे आवश्यक होते.

या प्रश्नाचे एक उत्तर आधीपासून उपलब्ध होते. नवव्या शतकात खलिफा अल-मामूनने खगोलज्ञांच्या तुकड्या इराकमधील सिंजारच्या सपाट प्रदेशात पाठवल्या होत्या. ध्रुवताऱ्याची उंची एका अंशाने बदलेपर्यंत उत्तरेकडे आणि दक्षिणेकडे सरळ चालत जायचे आणि वाटेत खुंट्या ठोकून दोरीने अंतर मोजत राहायचे, अशी ती मोहीम होती. त्यातून एका अंशाला ५६ पूर्णांक दोन तृतीयांश अरबी मैल हा आकडा मिळाला. बिरुनीला स्वतः याचा पडताळा घ्यायचा होता आणि त्याने कॅस्पियन समुद्राच्या पूर्वेकडील मैदानात तसा प्रयत्नही केला, पण पुरेसे साहाय्य न मिळाल्याने तो अर्धवट राहिला. माणसे, दोऱ्या आणि महिनोन्महिने चालणारा खर्च हे सारे राजाश्रयाशिवाय जमणारे नव्हते.

नंदना येथे त्याला वेगळी वाट सापडली. हा किल्ला आज पाकिस्तानातील पंजाबमध्ये, झेलम नदीच्या उत्तरेला मिठाच्या डोंगररांगेत आहे. महमूदाने तो १०१४ मध्ये जिंकला होता. किल्ल्याच्या दक्षिणेला डोंगर एकाएकी संपतो आणि क्षितिजापर्यंत सपाट मैदान पसरते. बिरुनीने प्रथम मैदानातून माथ्याचा वेध घेतला आणि त्रिकोणांच्या गुणोत्तरांवरून त्याची उंची काढली. ती ६५२ हातांहून किंचित जास्त भरली. मग माथ्यावर जाऊन त्याने क्षितिजाकडे पाहिले. पृथ्वी सपाट असती, तर क्षितिज नेमके डोळ्यांच्या पातळीत दिसले असते. ती गोल असल्यामुळे क्षितिज त्या पातळीच्या थोडे खाली दिसते. हा अवनत कोन त्याला ३४ कला (साठ कलांचा एक अंश), म्हणजे अर्ध्या अंशाहून थोडा अधिक, मिळाला.

पुढचे काम भूमितीचे आहे. माथ्यावरून क्षितिजाकडे जाणारी दृष्टिरेषा पृथ्वीला जेथे स्पर्श करते, तेथे ती त्रिज्येशी काटकोन करते. त्यामुळे पृथ्वीचे केंद्र, तो स्पर्शबिंदू आणि डोंगरमाथा यांचा एक काटकोन त्रिकोण तयार होतो आणि त्यात केंद्रापाशी होणारा कोन अवनत कोनाएवढाच असतो. डोंगराची उंची त्या कोनाच्या कोज्येने (कोसाइनने) गुणून, एकातून कोज्या वजा केल्यावर जे उरते त्याने भागले की त्रिज्या मिळते. वाळवंटात पायपीट करावी लागत नाही, या पद्धतीच्या सोयीचा बिरुनीने स्वतःच उल्लेख केला आहे. त्याच्या हिशेबाने त्रिज्या सुमारे १ कोटी २८ लाख हात आली.

आता टक्केवारीकडे. हे उत्तर किलोमीटरमध्ये सांगायचे तर त्याचा हात किती सेंटिमीटरचा होता, हे आधी ठरवावे लागते. तो ४९.३ सेंटिमीटर मानला तर त्रिज्या सुमारे ६,३४० किलोमीटर होते. आजची सरासरी ६,३७१ आहे, म्हणजे हा मेळ थक्क करणारा आहे. परंतु ३४ कलांची कोज्या एकापेक्षा फक्त ०.००००४९ ने लहान असते, त्यामुळे कोज्यांच्या कोष्टकातल्या शेवटच्या अंकातील बारीकशा फरकानेही उत्तर हलते. बिरुनीच्या बाबतीत तसेच झाले. त्याचीच उंची आणि त्याचाच कोन आज गणकयंत्रात घातला, तर उत्तर सुमारे १ कोटी ३३ लाख हात, म्हणजे त्याच मापाने ६,५७० किलोमीटरच्या पुढे जाते. कोन मोजताना एका कलेची चूक झाली, तर त्रिज्येत सुमारे सहा टक्क्यांचा, म्हणजे पावणेचारशे किलोमीटरांच्या आसपास फरक पडतो. हवेतील वक्रीभवनामुळे क्षितिज मुळात आहे त्यापेक्षा वर उचललेले दिसते, ही अडचण आणखी निराळी. सर्वसाधारण हवेत तेवढ्यानेच त्रिज्या सहाव्या हिश्श्याच्या आसपास फुगून येऊ शकते. नंदनाच्या हिशेबात या चुका एकमेकींना बऱ्याच अंशी खाऊन गेल्या, असे म्हणणे भाग आहे. पद्धत निर्दोष होती, पण उत्तर इतके जवळ येण्यात नशिबाचाही वाटा होता.

बिरुनीचा शोधकपणा मला याहून दुसऱ्या एका गोष्टीत अधिक दिसतो. कोठले माप आपले आणि कोठली माहिती ऐकीव, हे तो स्पष्ट सांगतो. १०३० च्या सुमारास लिहिलेल्या हिंदुस्थानविषयीच्या ग्रंथात त्याने मुलतान, पेशावर, सियालकोट आणि नंदना यांसारख्या ठिकाणांचे स्वतः काढलेले अक्षांश दिले आहेत आणि त्यांच्या पलीकडे आपण गेलो नाही, हेही नोंदवले आहे. त्याच ग्रंथात धारहून दक्षिणेकडे जाताना लागणारा मऱ्हाट देश आणि पुढे समुद्रकाठी ठाणे ही राजधानी असलेले कोकण, यांची अंतरे फरसख या फारसी मापात येतात. ती अर्थातच वाटसरूंकडून ऐकलेली. संस्कृत शिकून त्याने ब्रह्मगुप्त आणि वराहमिहिर यांचे ग्रंथ अभ्यासले. ग्रहण सावलीमुळे होते हे पुरते जाणणारा ब्रह्मगुप्त राहूच्या कथेला मान तुकवतो, म्हणून बिरुनीने त्याला चांगलेच धारेवर धरले. त्याच वेळी त्याच्या गणिती अधिकाराबद्दल आदरही राखला.

स्वतःच्या मापालाही त्याने हीच कसोटी लावली. नंदनाच्या त्रिज्येवरून एका अंशाला सुमारे ५६ मैल पडत होते, म्हणजे मामूनच्या खगोलज्ञांच्या आकड्याशी ते चांगले जुळत होते. तरीही पुढील आकडेमोडीसाठी त्याने आपला आकडा बाजूला ठेवून त्यांचाच स्वीकारला आणि त्यांची उपकरणे अधिक सूक्ष्म होती व त्यांनी मेहनतही अधिक घेतली होती, असे कारण दिले. मग तोच आकडा वापरून बगदादपासून एकेका शहराचे अंतर जोडत त्याने गझनीचा रेखांश काढला आणि १०२५ मध्ये पूर्ण झालेल्या ग्रंथात तेथील किब्ल्याची दिशा निश्चित करून दिली.