आठ दिवस मुंबई, पण रोज एकच भाग

नमस्कार मंडळी,

आमच्याकडं सांगलीत बुकिंगला येणारे बरेच लोक पहिला प्रश्न हाच विचारतात, आठ दिवसांत मुंबईत काय काय होईल, आणि खिशातून यादी काढतात, गेटवे, जुहू, सिद्धिविनायक, राणीबाग, हिरोंचे बंगले. अहो ही यादी तर मुंबई दर्शनची बस एका दिवसात उरकते, त्याला आठ दिवस कशाला घालवायचे? आम्ही सांगतो ते असं की रोज एकच भाग धरायचा, तो पायी फिरायचा आणि दुपारी रूमवर येऊन जरा पडायचं. म्हणून आमच्या पॅकेजमध्ये बस नाहीच. जाता-येता रेल्वेचं तिकीट, दादरला रूम आणि हा कागद, एवढंच.

दादरच का, तर मध्य आणि पश्चिम दोन्ही लाइनी तिथं मिळतात आणि महालक्ष्मी एक्स्प्रेसला रात्री सांगलीत बसलं की सकाळी दादरलाच उतरता येतं. शनिवारी रात्री निघा. म्हणजे रविवार फोर्टला मिळतो, ऑफिसं बंद, रस्ते मोकळे, मान वर करून बिल्डिंगी बघत चाललं तरी कुणी धक्का देत नाही. (रविवारी लोकलला मेगाब्लॉक असतो, म्हणजे दुरुस्तीसाठी काही लाइनी काही तास बंद, तेवढं आदल्या दिवशी बघून ठेवा.) सीएसएमटी रस्त्याच्या पलीकडून बघा, मग हुतात्मा चौक, हॉर्निमन सर्कल, एशियाटिक लायब्ररीच्या पायऱ्यांवर पाच मिनिटं टेका आणि तिथनं काळा घोडा. मूळचा काळा घोडा म्हणजे इंग्रजांच्या राजाचा पुतळा, तो १९६५ ला तिथनं हलवला आणि आता राणीबागेत आहे. सध्या दिसतो तो २०१७ मध्ये बसवलेला, त्याच्यावर स्वार नाही.

सोमवारी गिरगाव. मेट्रो तीनची पूर्ण लाइन २०२५ च्या ऑक्टोबरपासून चालू झालीय, दादरहून थेट गिरगाव स्टेशनला उतरता येतं, पूर्वी ही सोय नव्हती. खोताच्या वाडीत लाकडी जिने आणि कौलारू घरं अजून थोडी उरलीत, पण ते काय म्युझियम नाही, माणसं राहतात तिथं, कुणाच्या दारात उभं राहून फोटो काढू नका, आवाज जरा खाली ठेवा. जवळच केशवजी नाईक चाळ, मुंबईत सार्वजनिक गणपती बसायला १८९३ ला सुरुवात झाली ती इथं. संध्याकाळी वाळकेश्वरला बाणगंगा, समुद्र हाकेच्या अंतरावर असून तलावाचं पाणी गोडं.

आता लोकलचं, आणि हे नीट वाचा. सकाळी आठ ते अकरा सगळी गर्दी दक्षिणेकडं जाते आणि संध्याकाळी पाच ते साडेआठ तीच उलटी निघते. तुम्हाला कामावर जायचं नाहीये, अकरानंतर निघा. सुरुवातीच्या काळात मी एका ग्रुपला संध्याकाळी साडेसहाला सीएसएमटीहून फास्ट लोकलमध्ये बसवलं, चूक माझीच, दादर आलं आणि आमच्या एक काकी गर्दीत आतच अडकल्या, त्यांना उतरता आलं ते घाटकोपरला. पिशवी त्यांच्याकडं, मोबाइल त्यांच्या मिस्टरांकडं! तिथल्याच एका बाईंनी फोन लावून दिला म्हणून बरं. तेव्हापासून प्रत्येकाच्या खिशात रूमचा पत्ता आणि आमचा नंबर लिहिलेली चिठ्ठी आम्ही स्वतः घालतो. उतरायचं असेल तर आधीच्या स्टेशनपासूनच दाराकडं सरकायचं आणि पुढच्याला "दादर?" असं विचारत राहायचं, तिथं सगळे हेच करतात.

मंगळवारी भायखळा, लालबाग, परळ. हा भाग आपल्या लोकांनी तरी चुकवू नये. माझे चुलते परळच्या चाळीत एका खोलीत बाराजणांबरोबर राहायचे, गिरणीतली पाळी संपवून एक आला की दुसरा त्याच वळकटीवर, जेवण खानावळीवाल्या मावशींकडं. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात उतरले, कितीतरी घरं सातारा-सांगलीकडं परतली, आमचे चुलतेही. आज चिमण्या थोड्याच उरल्यात, काही गिरण्यांच्या जागी मॉल आणि टॉवर आहेत. लालबागला चिवडा गल्लीत जा, पलीकडं मसाल्याची दुकानं, तुमच्यासमोर मिरची भाजून कुटून देतात, हळदीचा वास आला की आपल्या मार्केट यार्डात उभं असल्यासारखं वाटतं. आणि राणीबाग, भाऊ दाजी लाड म्युझियम बुधवारी बंद असतात, म्हणून तर हा दिवस मंगळवारी ठेवलाय.

बुधवारी हलकं, शेजारचंच माटुंगा. सकाळी इडली, फिल्टर कॉफी, केळीच्या पानांची आणि गजऱ्यांची दुकानं, मग फाइव्ह गार्डन्स. माटुंग्याचं मध्य रेल्वेचं स्टेशन २०१७ पासून फक्त बायका चालवतात, पोरींना मुद्दाम दाखवा. रविवारी इथल्या हॉटेलांत तास-तास नंबर लागत नाही.

गुरुवारी बोरीवलीला कान्हेरी लेणी. सकाळी गर्दीच्या उलट्या दिशेनं जायचंय, बसायला जागा मिळते. लेणी सोमवारी बंद असतात. शुक्रवारी वांद्रे, किल्ला आणि रानवारच्या गल्ल्या, एवढ्यात संध्याकाळ होते, जुहू राहिलं तर राहू दे.

शनिवारी खरेदी. क्रॉफर्ड मार्केट, मंगलदास, भुलेश्वर, भाव निम्म्यापासून सुरू करा. झवेरी बाजारात विटा-आटपाडीकडची माणसं भेटतील, गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात आहेत, गाव सांगितलं की चहा ठरलेला.

परतीची गाडी रात्री आहे, पण ती दादरला धरू नका, गाडी थोडाच वेळ थांबते आणि बॅगा चढवताना तारांबळ उडते, सीएसएमटीला जाऊन बसा. पावसाळ्यात म्हातारी माणसं बरोबर असतील तर बुकिंग आम्ही सहसा घेत नाही. आणि लालबागचा मसाला डबल पिशवीत घालून वर टेप लावा, मागच्या खेपेला कराड येईपर्यंत अख्खा डबा शिंकत होता.