मोबाईल हिसकावला की पोरगं ताळ्यावर येतं?

"गेमनं पोरगं बिघडलं, मोबाईल काढून घ्या," हे लातूर-नांदेडात घरोघरी ऐकू येतं. ते अर्धंच खरं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या यादीत गेमिंगचा विकार आहे, पण त्याचं माप तासांत नाही. खेळण्यावरचा ताबा सुटणं, बाकी सगळं मागं पडणं, नुकसान दिसूनही न थांबणं, आणि हे साधारण १२ महिने. सुट्टीत दिवसभर खेळणारा प्रत्येक जण आजारी नसतो.

शिवाय उतावळा स्वभाव, चिंता, नैराश्य कित्येकदा आधीपासूनच असतं. नीटच्या तयारीला खोली करून राहणारं, रात्री दोनला पांघरुणात खेळणारं पोर बहुधा मार्कांची धास्ती विसरायला बघतं; जागरणानं ती उलट वाढते. नुसता मोबाईल हिसकावून हे दुखणं जात नाही. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर मोफत, मराठीत बोलता येतं.