एरिएशनला चौरस फुटाचा रेट कुठून आला? पुण्यातल्या मोठ्या लॉनची पार्श्वभूमी

टाऊनशिप असो नाहीतर कंपनीचा कॅम्पस, पाच-सात एकर लॉनच्या एरिएशनसाठी, म्हणजे गच्च झालेल्या जमिनीला भोकं मारून हवा-पाणी आत जाऊ द्यायच्या कामासाठी, फोन आला की पलीकडून पहिला प्रश्न ठरलेला, स्क्वेअर फुटाला काय लावणार? कॉन्ट्रॅक्टर पण सवयीनं अमुक पैसे, तमुक पैसे सांगून मोकळा होतो आणि साइटवर गेल्यावर डोक्याला हात लावतो. हा रेट एरिएशनसाठी कोणी बसून काढलेलाच नाही. तो कार्पेट लॉनच्या, म्हणजे नर्सरीतून तयार गवताचे तुकडे आणून अंथरायच्या, धंद्यातून उचलून आणलाय, आणि आजची बरीचशी भांडणं तिथून सुरू होतात.

जुन्या काळात फार खोल जायला नको. पुण्याचा रेसकोर्स १८३० चा, आणि गंमत म्हणजे गवत कापायच्या मशीनचं पेटंट इंग्लंडमधे त्याच वर्षी निघालं. पुढची शंभरेक वर्षं कँटोन्मेंटच्या मैदानांवर मान होता तो रोलरला. दाबायला रोलर, आणि फारच गच्च झालं तर माळी काटा नाहीतर पहार घेऊन भोकं मारत बसणार, एवढंच. मातीचा तुकडा खेचून बाहेर काढणारं मशीन अमेरिकेत १९४६ ला आलं, ते गोल्फवाल्यांसाठी. हॉलंडमधून १९८० च्या आसपास ट्रॅक्टरच्या पीटीओवर (इंजिनाची ताकद मागच्या अवजाराला देणाऱ्या शाफ्टवर) चालणारं, फूट-सव्वा फूट खोल जाणारं मशीन आलं. आपल्याकडं यातलं काहीही यायला बराच उशीर लागला कारण गरजच नव्हती, एवढं मोठं लॉन होतं कुणाकडं?

ती गरज नव्वदनंतर तयार झाली. १९९४ च्या नॅशनल गेम्ससाठी बालेवाडीचं क्रीडासंकुल उभं राहिलं, मग हिंजवडीचे आयटी कॅम्पस आले, मग हडपसर, खराडी, सिंहगड रोडकडच्या टाऊनशिप, आणि २०१२ पर्यंत गहुंज्याला इंटरनॅशनल क्रिकेटचं स्टेडियमसुद्धा. ब्रोशरमधे हिरवं दाखवलं होतं तर पझेशनच्या दिवशी हिरवं दिसलंच पाहिजे, म्हणून गवत लावून वाढवायला वेळ कोणाकडंच नव्हता. उरुळी कांचनच्या नर्सऱ्यांतून कार्पेटचे तुकडे ट्रक भरून यायचे, खाली भरावाचा मुरूम नाहीतर पायाच्या खोदाईतली काळी माती, त्यावर दोन बोटं लाल माती, त्यावर कार्पेट. तीन प्रकारची माती एकावर एक. वरचं पाणी त्या जोडावर अडतं, मुळं पण तिथंच अडतात, आणि दोन-तीन वर्षांत लॉन चटईसारखं उचलून हातात येतं. त्यात सोसायट्या एसटीपीचं, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायच्या प्लँटचं, पाणी मारतात, उन्हाळ्यात बोअरचं, त्या पाण्यातल्या सोडियमनं काळी माती आणखी बसते. म्हणजे एरिएशनचं काम लॉन टाकायच्या दिवशीच जन्माला आलेलं असायचं, फक्त बिल नंतर यायचं.

आता तो रेट. कार्पेट स्क्वेअर फुटावर विकणं बरोबरच आहे, माल आहे तो, दुप्पट एरिया म्हणजे दुप्पट माल. लॉन टाकणाऱ्याकडंच पुढं मेंटेनन्स आला, तो पण स्क्वेअर फुटावर महिन्याला इतके असा ठरला, तेही एक वेळ चाललं कारण माळी रोज तिथंच असतो. मग कधीतरी त्याच वर्क ऑर्डरमधे एक ओळ वाढली, 'लॉन एरिएशन, वर्षातून दोनदा', आणि युनिट म्हणून सहज स्क्वेअर फूट लिहिलं गेलं. पण एरिएशनमधे माल काहीच देत नाही आपण, देतो ते मशीनचे तास. मशीन टेम्पोत चढवायचं, ट्रॅफिकमधून न्यायचं, गेटवर सिक्युरिटीची एंट्री, स्प्रिंकलर आणि व्हॉल्व्ह बॉक्सच्या जागी झेंडे लावायचे, हे सगळं दहा गुंठ्याला तेवढंच आणि पाच एकराला पण जवळपास तेवढंच. समजा हा फिक्स खर्च ६,००० रुपये धरला आणि चालवायचा खर्च एकरी ५,०००, तर दहा गुंठ्याचे, म्हणजे १०,८९० स्क्वेअर फुटाचे, होतात ७,२५०. फुटाला ६७ पैसे. तेच पाच एकराला ३१,००० आणि फुटाला १४ पैसे. आकडे प्रत्येकाचे वेगळे निघतील, पण मुद्दा तोच राहतो. चाळीस-पन्नास पैसे असा एकच रेट सगळीकडं सांगणारा छोट्या साइटवर मार खातो आणि मोठ्या साइटवर कोटेशनच हरतो, मग म्हणतो मार्केट खराब आहे.

अमेरिकेतही एरियावरच सांगतात, हजार स्क्वेअर फुटाला इतके, पण त्याच्या खाली मिनिमम चार्जची अट असते. आपल्याकडं एरिया आला आणि मिनिमम वाटेत कुठंतरी गळाला. किंवा मागायची लाज वाटली म्हणा.

आणि फूट नक्की कुठले मोजायचे? मंजूर प्लॅनमधला लँडस्केप एरिया घेतला तर त्यात झाडांची आळी, पाथवे, मुलांच्या घसरगुंडीखालची वाळू, सगळंच येतं. सॅटेलाइट नकाशावर बोटानं रेघ ओढून मोजलं तर झाडाखाली लॉन आहे का नुसती माती ते दिसत नाही. सोसायटी पैसे देताना व्हील टेप फिरवून नेट एरिया काढते आणि काम सांगताना मात्र ग्रॉस सांगते. अगदी निम्मा-पाऊण एकर या फरकात जातो. शिवाय एका फुटात भोकं किती, हे कुठंच लिहिलेलं नसतं, आणि खरी मेख ती आहे. चार-चार इंचांवर मारलं तर फुटात नऊ भोकं, दोन-दोन इंचांवर मारलं तर छत्तीस. अर्ध्या इंचाचा पोकळ टाइन, म्हणजे मशीनचा भोक मारणारा दात, चार इंचांवर मारला तर जमिनीचा जेमतेम सव्वा टक्का भाग उघडतो, दोन इंचांवर मारला तर पाच टक्क्यांच्या आसपास. म्हणून गच्च जमिनीला एक पाळी, म्हणजे सगळ्या लॉनवरून मशीनची एक फेरी, पुरत नाही, आडवी आणि उभी दोन तरी लागतात, शेतकऱ्याला हे सांगावं लागत नाही, कमिटीला सांगावं लागतं. दोन कोटेशन एकाच ओळीत एकाच युनिटमधे ठेवली की दोन पाळ्या मारणारा महाग दिसतो आणि एक पाळी मारून पळणारा एल-वन, म्हणजे सगळ्यात कमी रेटवाला, होतो. त्यात २०१७ पासून १८ टक्के जीएसटी, नोंदणी असलेला आणि नसलेला यांचे रेट शेजारी ठेवले की काय दिसतं ते वेगळं सांगायला नको.

'एरिएशन' या शब्दाचा पण घोळ आहेच. सोसायटीच्या ऑफिसात एरिएशन म्हटलं की निम्म्या लोकांना एसटीपीच्या टाकीत हवा सोडणारा ब्लोअर आठवतो. लॉनवाल्यांतसुद्धा खिळ्यांचा ड्रम ओढणं हे पण एरिएशन, माती बाहेर काढणं हे पण एरिएशन. भरीव खिळा माती बाजूला ढकलतो, भोक दिसतं पण भोवतीची माती आणखी दाबली जाते, दोन महिन्यांत परत जैसे थे. पोकळ टाइन माती उचलून वर टाकतो. हा फरक ऑर्डरवर लिहिला नाही तर कोण काय घेऊन येईल याचा नेम नाही.

बहुतेक वेळा ड्रमच येतो, कारण सुरुवातीला तोच परवडत होता. भोसरीकडच्या फॅब्रिकेशन शेडमधे पाइपला खिळे वेल्ड करून आत पाणी नाहीतर काँक्रीट भरलं की झालं मशीन. इंपोर्टेड वॉक-बिहाइंड, म्हणजे मागून चालत ढकलायचे एरेटर, नंतर आले. वीस इंच रुंदीचं असं मशीन ताशी चार किलोमीटरनं चाललं तर कागदावर तासाला अर्धा एकर होतो, वळणं, झाडं आणि चहा धरून तीन तासांत एक एकर एक पाळी म्हणा. म्हणजे पाच एकर दोन पाळ्या हे तीस तासांचं काम आहे आणि ऑपरेटरच्या दंडांचे हाल. ट्रॅक्टरमागचा दीड मीटर रुंद ओढायचा एरेटर तेच एकर तासाभरात काढतो, पण त्याला मोकळं मैदान लागतं. द्राक्षबागेतले मिनी ट्रॅक्टर इथं भाड्यानं सहज मिळतात, हे बरं झालं. वाईट एवढंच की त्यांचे शेतीचे टायर लॉनवर नांगरल्यासारख्या खुणा पाडतात, टर्फ टायर बदलून घ्यायचा खर्च कोणी रेटमधे धरत नाही. खोल जाणाऱ्या मशीनला मिनी ट्रॅक्टर पुरत पण नाही, जास्त एचपी आणि क्रीपर गिअर, म्हणजे अगदी मुंगीच्या चालीनं चालवणारा गिअर, लागतो, म्हणून ते काम मैदानांपुरतंच राहिलं. आणि टाइन! भरावात मुरमाचे दगड, बिल्डरनं गाडलेला राडारोडा, फरशीचे तुकडे, एका साइटवर अख्खा सेट वाकून येतो. ही कन्झ्युमेबल वस्तू आहे हे बऱ्याच जणांना पहिलं मशीन घेतल्यावर कळलं.

निघालेल्या मातीचं काय करायचं यावर वेगळं युद्ध होतं. चार इंचांवर, तीन इंच खोल, अर्ध्या इंचाचा टाइन धरला तर एकरात ३ लाख ९२ हजार भोकं पडतात आणि साधारण सव्वा ते दीड ब्रास (ब्रास म्हणजे शंभर घनफूट) माती वर येते. लॉनवर पसरलेल्या त्या लेंड्या बघून मॉर्निंग वॉकवाल्यांचे मेसेज सुरू होतात. उचलायच्या असतील तर लेबर वेगळं, वाळवून लोखंडी जाळी फिरवून तिथंच फोडायच्या तर दोन दिवस वेगळे. काळी माती असेल तर उचलून वाळू भरणंच बरं, भोकांपुरती तेवढीच दीड ब्रास, वर पाच मिलीमीटरचा थर पण द्यायचा तर एकरी आणखी सात ब्रास. नदीची वाळू मिळेना तेव्हापासून क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू, चालवतात, त्यातली डस्ट धुतली नसेल तर भोकं बुजून सिमेंटसारखी होतात. वाळू फुटाच्या रेटमधे धरली होती का नव्हती, हा वाद मी तरी दर सीझनला ऐकतो.

वेळेचा प्रश्न पैशाइतकाच जुना. हरळी काय, झोयझिया काय, गरम दिवसांत वाढणारी गवतं, भोकं मारायची ती वाढीच्या दिवसांत. आणि जमीन वाफशावर पाहिजे. कोरडी असली तर टाइन टणकन वर येतो, चिखल असला तर काळ्या मातीत भोकाची भिंत गिलावा केल्यासारखी चोपडी होते आणि हवा-पाणी काही आत जात नाही. उन्हाळ्यात काळी माती आपोआप भेगाळते, मग मशीन कशाला असं म्हणणारे पण भेटतात, पण लॉनला रोज पाणी असतं, ती भेगाळणार कधी. मोठा एरिया आहे तो लग्नाच्या लॉन्सचा, आणि तिथं मांडव, खुर्च्या, केटररचे टेम्पो यांनी जमीन अक्षरशः रस्ता झालेली असते. पण लग्नसराई जूनपर्यंत चालते, जागा मोकळी होते ती आषाढीनंतर, म्हणजे पाऊस भरात असताना. मग श्रावण-भाद्रपदातल्या उघडीपीवर सगळे तुटून पडतात, चार दिवसांत दहा फोन, मशीन एक. तुळशीचं लग्न लागलं की परत खुर्च्या.

अलीकडं काही जण कोटेशन दोन ओळींत द्यायला लागलेत. मशीन आणण्याचा ठरलेला आकडा एक, आणि दर पाळीला एकरी आकडा दुसरा, सोबत टाइनची जाडी आणि अंतर. तारखेपुढं 'वाफसा असल्यास' असं लिहितात. कमिट्यांना हे आवडत नाही, त्यांच्या एक्सेल शीटमधे कॉलम एकच असतो. माझं मत विचाराल तर दोन ओळी नसतील तर पाच एकराच्या खाली जाऊच नये, पण ज्याच्या मशीनचा हप्ता चालू आहे त्याला हे सांगणं सोपं.

पोडियमवरच्या लॉनचा निकाल मात्र अजून लागायचाय. खाली पार्किंगचा स्लॅब, वर वॉटरप्रूफिंग, त्यावर फूट-दीड फूट माती, ट्रॅक्टर चढवायचा प्रश्नच नाही आणि खोल टाइनचं नाव काढलं तरी बिल्डरचा माणूस वॉरंटीचा कागद पुढं करतो. छोटं मशीनच न्यायचं, आणि रॅम्प नसला तर तेही लिफ्टनं. बऱ्याच पॅसेंजर लिफ्टचं दार ८०० मिलीमीटरचं असतं, म्हणजे साडेएकतीस इंच, म्हणून आता साइट व्हिजिटला जाणारा आधी लॉन नाही, लिफ्टचं दार मोजतो.