वाफा रस्त्यापेक्षा खाली हवा

जोराची सर येऊन गेली की पुण्यातला कुठलाही दुभाजक पाहा. कर्बच्या (कडेच्या उंच काठाच्या) आत रस्त्यापेक्षा फूटभर उंच माती भरलेली असते आणि तिच्यावर झुडपे लावलेली. रस्त्यावरचे पाणी त्या वाफ्यात शिरूच शकत नाही. उलट वाफ्यातली माती धुपून रस्त्यावर येते आणि पावसाळी गटाराच्या जाळीवर बसते. म्हणजे हिरवळीसाठी खर्च केला आणि गटार मात्र तुंबले. तोच वाफा रस्त्यापेक्षा 15 ते 20 सेंमी खाली ठेवला, तर पाणी त्यात उतरेल आणि मुरेल. शहरी पूर कमी करण्याच्या हिरव्या उपायांचे मर्म या पातळीच्या फरकात आहे.

आता आकारमान. 1 चौरस मीटरवर 1 मिमी पाऊस म्हणजे 1 लिटर पाणी. सोसायटीच्या 200 चौमी काँक्रीट पार्किंगवर 25 मिमी पाऊस पडला, तर 5,000 लिटर पाणी पडते आणि त्यातले साधारण 90 टक्के, म्हणजे 4,500 लिटर, वाहून जाते. ते अडवण्यासाठी वाफ्याचे थर असे: वर पाणी साचायला 15 सेंमी मोकळी जागा, त्याखाली 60 सेंमी मिश्र माती, मग 10 सेंमी बारीक खडी आणि तळाला 30 सेंमी 20 मिमी खडी. मातीत सुमारे 20 टक्के आणि तळाच्या खडीत 40 टक्के पोकळी धरली, तर दर चौरस मीटरला 390 लिटर मावतात. म्हणजे 12 चौमीचा वाफा पुरतो.

पण हे गणित फसवे आहे. ताशी 50 मिमीच्या सरीत याच पार्किंगवरून तासाला 9,000 लिटर येतात, आणि मातीतून ताशी 100 मिमी पाणी झिरपते असे धरले तरी 12 चौमीतून 1,200 लिटरच खाली जातात. वरची मोकळी जागा जेमतेम पाव तासात भरते आणि खालची पोकळी रिकामी असतानाच पाणी बाहेर वाहू लागते. जागा असेल तर वाफा 20 चौमी करावा. मग वीस-पंचवीस मिनिटे मिळतात. जादा पाण्यासाठी उभा पाइप हवाच. त्याचे तोंड मातीच्या 15 सेंमी वर, त्यावर जाळी, आणि तो पावसाळी गटाराच्या चेंबरला जोडलेला.

मातीचे मिश्रण हा सर्वांत जास्त चुकणारा भाग. वाळू 60 टक्के, पोयटा (गाळाची भुसभुशीत माती) 25, चांगले कुजलेले कंपोस्ट 15. काळी माती अजिबात नको. ती भिजली की फुगते आणि निचरा बंद होतो. क्रश सँड, म्हणजे दगड भरडून केलेली वाळू, वापरायची तर धुतलेलीच, कारण तिच्यातली भुकटी खाली उतरून थर आवळते. माती आणि खडी यांच्यामध्ये जिओटेक्स्टाइल, म्हणजे पाणी झिरपू देणारे कृत्रिम कापड, अंथरायचा मोह होतो, पण ते गाळाने बुजते. बारीक खडीचा थर त्याच कामासाठी आहे.

खोदण्याआधी जमीन तपासा. पुण्याखाली बेसॉल्ट हा काळा ज्वालामुखी खडक आहे: टेकडीच्या उतारावर मुरमाचा पातळ थर आणि लगेच कातळ, तर नदीकडे जाड काळी माती. वाफ्याच्या तळाएवढा खोल खड्डा घ्या, आदल्या दिवशी पाण्याने भरून ठेवा, दुसऱ्या दिवशी 20 सेंमी पाणी ओतून तासाला किती उतरते ते मोजा. काळ्या जमिनीत ही चाचणी मे महिन्यात करू नये, कारण भेगांतून पाणी झरझर जाते आणि आकडा खोटा येतो. ताशी 12 मिमीपेक्षा कमी उतरले, तर तळाच्या खडीत 110 मिमीचा छिद्रांचा पीव्हीसी पाइप घालावाच लागतो. त्या पाइपला चेंबरपर्यंत उतार मिळतो का, हे आधी पाहा. चेंबर 90 सेंमीच खोल असेल, तर 115 सेंमीचा वाफा त्यात निचरणार नाही. मातीचा थर कमी करावा लागतो. इमारतीच्या पायापासून किमान 3 मीटर अंतर ठेवा.

कर्बमधले तोंड निदान 45 सेंमी रुंद हवे आणि आत शिरताच 5 सेंमीची पायरी हवी, नाहीतर पहिल्याच पावसाचा गाळ तोंडाशी बसतो. पायरीखाली दगडांचा छोटा कप्पा ठेवला की गाळ तिथेच अडतो आणि फावड्याने काढता येतो. रोपे आठ कोरडे महिने आणि चार ओले, दोन्ही सोसणारी हवीत. वाळा त्यात फार उत्तम. साचलेले पाणी 24 तासांत उतरलेच पाहिजे. मग डासांच्या अळ्यांना वाढायला वेळच मिळत नाही.

जागा निवडताना पूर येतो तिथेच न पाहता, पाणी सुरू होते तिथपर्यंत वर पाहत जावे. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री पुण्यातल्या आंबील ओढ्याने काठच्या वस्त्यांत हाहाकार केला. त्याचे पाणी कात्रजकडच्या उतारांवरून येते. अशा रात्री वाफे पूर थांबवणार नाहीत, हे स्पष्ट सांगायला हवे. त्यासाठी ओढ्याचे पात्र मोकळेच लागते. वाफ्यांचा उपयोग नेहमीच्या 20-30 मिमीच्या सरींना, आणि अशा सरी पावसाळ्यात अनेक असतात.

बांधणीतल्या दोन चुका कायमच्या नडतात. आवारातले बांधकाम चालू असताना वाफा केला, तर सिमेंटची राड त्यात जाते. तो सर्वांत शेवटी करावा. आणि जेसीबी वाफ्यात उतरवू नये, बाहेर उभा करूनच खोदावे, कारण दाबलेला तळ पाणी पीत नाही.

पुढची देखभाल साधी: मेअखेरीस गाळ काढणे, जाळी साफ करणे, वरची 5 सेंमी माती मोकळी करणे. रस्त्यावर नवे डांबर पडले की कर्बचे तोंड बुजले नाही ना, तेही पाहावे. आणि चेंबरला पाइप जोडण्याआधी मार्चमध्ये एकदा झाकण उघडा. कोरड्या दिवसांत आत पाणी वाहत असेल, तर त्यात सांडपाणी येते आहे. ते तुंबले की पाइपातून वाफ्यातच उलटे येईल. आधी ती जोडणी शोधून तोडून घ्या.