धोका आणि जोखीम: दवाखान्याची जागा ठरवताना

दवाखान्यासाठी जागा शोधताना परिसराच्या आरोग्याचा विषय निघाला, की 'धोका' आणि 'जोखीम' हे शब्द बहुधा एकाच अर्थाने वापरले जातात आणि त्या सरमिसळीतून जागेची निवड चुकते. अपाय करू शकणारी वस्तू किंवा स्थिती म्हणजे धोका. तो अपाय कोणाला, किती काळच्या संपर्कामुळे आणि कितपत होण्याची शक्यता आहे, ती जोखीम.

चंद्रपूर घ्या. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली औद्योगिक क्षेत्रांचे जे मूल्यमापन केले, त्यात चंद्रपूर ८३.८८ गुणांसह देशातील सर्वाधिक प्रदूषित क्षेत्रांत चौथे आले. कोळशाच्या खाणी आणि २९२० मेगावॉटचे औष्णिक वीज केंद्र पाहता धोका उघड आहे. मात्र हा आकडा संपूर्ण क्षेत्राचा असल्यामुळे कोणत्या वस्तीत दम्याचे रुग्ण अधिक असतील, हे त्यावरून ठरवता येत नाही. उंच धुराड्यातून निघालेला धूर वाऱ्याबरोबर दूरवर पसरतो, तर कोळशाच्या ट्रकांमुळे उडणारी धूळ रस्त्याकडेच्या घरांतच शिरते. आणि ज्या घरात चुलीवर स्वयंपाक होतो, तिथल्या बाईच्या श्वासात त्या धुळीबरोबर चुलीचा धूरही जातो. म्हणून नकाशावर धुराड्याभोवती वर्तुळ काढून जोखीम मोजणे मला अपुरे वाटते. वस्तीत फिरून लोक दिवसाचे किती तास कुठे असतात, हे विचारायला हवे.

पाण्याच्या बाबतीत हा फरक आणखी ठळक होतो. चंद्रपूर आणि यवतमाळ जिल्ह्यांत अनेक ठिकाणी भूजलात फ्लोराइड आढळते. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाची स्वीकार्य मर्यादा लिटरमागे १ मिलिग्रॅम असून पर्यायी स्रोत नसेल तरच १.५ मिलिग्रॅमपर्यंत सवलत आहे. समजा, दोन गावांच्या बोअरवेलमध्ये फ्लोराइड सारखेच आहे, पण एका गावात नळाला धरणाचे पाणी येते आणि दुसरे गाव बोअरवेलचेच पाणी पिते. धोका दोन्हीकडे सारखाच आहे. दातांवरचे डाग आणि पुढे हाडांचा त्रास मात्र दुसऱ्या गावात दिसेल. पाणी उकळून हा दोष जात नाही, उलट पाणी आटल्याने फ्लोराइडचे प्रमाण वाढते. त्यामुळे अशा गावातल्या दवाखान्यात औषधांइतकीच पाणी तपासण्याची सोय लागते.

डॉक्टरांपुढे खरे तर दोन वेगळे प्रश्न असतात. लोकांची जोखीम मोठी असेल, तर माझ्या मते ते तिथे दवाखाना काढण्याचे कारण आहे, टाळण्याचे नव्हे. दवाखान्याच्या इमारतीची जोखीम मात्र कमी करता येते, आणि त्यासाठी वस्ती सोडावी लागत नाही. ट्रकांच्या रस्त्यावरचा गाळा स्वस्त मिळत असला, तरी दम्याचा रुग्ण तिथेच धूळ खात ताटकळणार असेल, तर आतल्या गल्लीतली खोली बरी. नदीकाठी निळी पूररेषा साधारणपणे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते. जागा या दोन रेषांच्या मधली असेल, तर लशी २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवणारा फ्रिज आणि त्याचा इन्व्हर्टर तळमजल्यावर न ठेवता वरच्या मजल्यावर बसवावा.