पालिकेची पावती आणि पोलिसांचे चलन : बेळगावात गाडी लावताना ओळखायचा फरक

बेळगावच्या बाजारात गाडी लावण्यावरून जे वाद होतात, त्यांतले निम्मेअधिक चुकीच्या माणसाशी होतात असे माझे मत आहे. पे पार्किंगची पावती फाडणाऱ्या पोराला लोक विचारतात, 'काल माझी गाडी का उचलली?' आणि रहदारी पोलिसाला तीच पावती दाखवून म्हणतात, 'पैसे भरलेत की!' दोघांकडेही उत्तर नसते. पावती हे जागेच्या वापराचे शुल्क आहे आणि चलन हा दंड आहे. दोन्ही गाडी लावण्याबद्दलच असले तरी त्यांचे कायदे वेगळे, कचेऱ्या वेगळ्या आणि पैसे जातात ती खातीही वेगळी.

महापालिकेच्या सभेत पार्किंगचा विषय निघाला की हा गोंधळ वाढतो. 'आता दंड वाढणार' अशी चर्चा गणपत गल्लीपासून शहापूरपर्यंत पोचते, पण सभेपुढचा विषय शुल्काचा, ठेक्याचा किंवा नव्या जागेचा असतो. दंडाचा आकडा ठरवणे महापालिकेच्या हातातच नाही. ५८ नगरसेवकांनी एकमताने ठराव केला तरी नो पार्किंगचा दंड एका रुपयाने वाढत नाही की कमी होत नाही.

मग पालिकेच्या हातात काय आहे? आपल्या जागा. कर्नाटक महानगरपालिका कायदा १९७६ चा. त्याच्या चौकटीत बापट गल्लीतल्या कार पार्किंगसारख्या जागी गाडी लावायला किती पैसे घ्यायचे, वसुली स्वतः करायची की निविदा काढून ठेकेदाराला द्यायची, दुचाकीला वेगळा दर ठेवायचा का, हे पालिका ठरवते. आधी स्थायी समिती, मग सर्वसाधारण सभा, मग आयुक्तांकडून अंमलबजावणी असा हा प्रवास असतो. साधा ठराव न करता उपविधी, म्हणजे पालिकेचा स्वतःचा नियम, करायचा असेल, तर मसुदा प्रसिद्ध करून हरकती मागवाव्या लागतात आणि राज्य सरकारची मंजुरीही लागते. दुकानदारांनी जागे राहायचे ते या हरकतींच्या मुदतीत. मुदत टळल्यावर निवेदन दिले तर बहुतेक वेळा फोटोपलीकडे हाती काही लागत नाही.

ठेकेदाराचा अधिकार पावतीपुरता आहे. दर लिहिलेला फलक नसेल तर तो मागा, छापील पावती नसेल तर पैसे देऊ नका. कुणी शुल्क द्यायला नकार दिला तरी ठेकेदाराच्या माणसाला गाडीची चावी काढून घेता येत नाही, चाकाला कुलूप लावता येत नाही आणि 'दंड' म्हणून जास्तीची रक्कमही मागता येत नाही. पालिकेकडे तक्रार करणे किंवा पोलिसांना बोलावणे एवढेच त्याला मोकळे आहे.

दंडाची गोष्ट मोटार वाहन कायदा १९८८ मधली, म्हणजे केंद्राच्या कायद्यातली आहे. कलम १७७ हे सर्वसाधारण दंडाचे कलम. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्यात पहिल्या वेळी ५०० रुपयांपर्यंत आणि पुन्हा तोच गुन्हा केल्यास १,५०० रुपयांपर्यंत दंड आहे. न्यायालयात न जाता जागेवर तडजोडीने भरायची रक्कम मात्र कलम २०० खाली प्रत्येक राज्य आपापली ठरवते. चंदगडहून लग्नाच्या बस्त्याला आलेले पाहुणे एमएच ०९ ची गाडी चन्नम्मा चौकात लावून 'आमच्या कोल्हापुरात एवढा दंड नाही' म्हणतात. ते खरे असेलही, पण त्याचा इथे उपयोग नाही. कायदा दोन्हीकडे एकच असला तरी तडजोडीची रक्कम गाडी जिथे लावली त्या राज्याची लागते.

गाडी उचलण्याबद्दल कलम १२७ आहे, आणि प्रत्येक वाहनधारकाने ते समजून घ्यावे असे मला मनापासून वाटते. गाडी सार्वजनिक जागी दहा तास किंवा त्याहून जास्त वेळ बेवारस उभी असेल, किंवा कायद्याने बंदी असलेल्या जागी लावलेली असेल, तर ती उचलण्याची किंवा चाक जखडण्याची परवानगी हद्दीतला गणवेशातला पोलीस अधिकारी देऊ शकतो. गणवेशातला, हे महत्त्वाचे. टोइंगच्या गाडीवर नुसती पोरे असतील आणि सोबत पोलीस नसेल, तर 'अधिकारी कोण?' हा प्रश्न विचारायला घाबरायचे कारण नाही. गाडी नियमाने उचलली असेल तर उचलण्याचा खर्च मालकावर आणि दंड वेगळा. म्हणून त्या दिवशी रक्कम मोठी दिसते. दोन्ही आकडे कागदावर वेगवेगळे लिहून मागा.

'तिथे बोर्डच नव्हता' हे सगळ्यात जास्त ऐकू येणारे उत्तर अर्धेच खरे आहे. काही ठिकाणी फलक नसतानाही गाडी लावता येत नाही. फूटपाथ, चौक आणि वळण, झेब्रा पट्टे, बसथांबा, शाळा किंवा दवाखान्याचे प्रवेशद्वार, कुणाच्याही आवाराचे फाटक, आणि आधीच उभ्या असलेल्या गाडीला समांतर दुसरी ओळ. ही बंदी देशभराच्या २०१७ च्या वाहन चालवण्याच्या नियमावलीतच आहे. खडेबाजारात दिवाळीच्या आधी दुसरी ओळ लागते, तेव्हा 'सगळेच लावतात' हा बचाव होत नाही.

उलट बाजूही सांगायला हवी. दुकानापुढे दोरी बांधणे, दगड किंवा कुंड्या मांडणे, पत्र्यावर 'नो पार्किंग' रंगवून उभे करणे, याने जागा दुकानदाराची होत नाही. रस्त्यावरचा वाहतूक फलक अधिकृत यंत्रणेनेच लावायचा असतो. फाटक अडवू नका एवढे सांगण्याचा हक्क प्रत्येकाला आहे, पण शोकेससमोरचा रस्ता सार्वजनिकच राहतो, आणि तिथल्या कुंड्या हटवण्याचे काम महापालिकेच्या अतिक्रमण विभागाचे आहे. पोलिसांना बोलावून गिऱ्हाइकाची गाडी उचलायला लावणारे काही दुकानदार स्वतःची दुचाकी दिवसभर तिथेच ठेवतात, हे कुठल्याही गल्लीत पाहता येईल. यात नुकसान बाजाराचेच होते.

आता ही दोन कामे जिथे एकमेकांना भिडतात तिथे येऊ. गाड्या कुठे आणि किती वेळ उभ्या राहू शकतात हे ठरवण्याचा अधिकार मोटार वाहन कायद्याचे कलम ११७ राज्य सरकारला किंवा त्याने नेमलेल्या अधिकाऱ्याला देते, पण स्थानिक संस्थेशी सल्लामसलत करून. २०१९ मध्ये त्यात भर पडली की जागा ठरवताना रस्ता वापरणाऱ्यांची सुरक्षितता आणि वाहतुकीचा सुरळीत प्रवाह यांना प्राधान्य द्यायचे. बेळगावात २०१४ साली पोलीस आयुक्तालय झाले, तेव्हापासून शहरातले हे काम पोलीस आयुक्तांच्या कचेरीशी जोडलेले आहे. म्हणजे पालिकेने एखाद्या रस्त्यावर पे पार्किंगचा ठराव केला तरी पोलिसांच्या बाजूने मेळ बसायला हवा, आणि पोलिसांनी रस्ता नो पार्किंग केला तर पालिकेचा ठेका तिथे चालू राहायला नको. मेळ बसला नाही की भोगतो तो गाडीवाला. एकीकडे पावती घेतो आणि दुसरीकडे चलन.

असा प्रसंग आला तर पावती जपून ठेवा. चलनाविरुद्ध पोलिसांकडे आणि गरज पडल्यास न्यायालयात दाखवायला तोच पुरावा आहे. आणि बंदी असलेल्या जागेचे पैसे ठेकेदाराने घेतले कसे, ही तक्रार वेगळ्या अर्जाने पालिका आयुक्तांकडे द्या. एकच अर्ज दोन्हीकडे दिला तर दोन्ही कचेऱ्या 'आमचा विषय नाही' म्हणून तो परत करतील.

तात्पुरत्या बंदीचाही विसर पडू नये. शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक, गणेश विसर्जन आणि हिवाळ्यात सुवर्ण विधानसौधमध्ये अधिवेशन भरते ते दिवस, या काळात पोलीस काही रस्ते मोकळे ठेवायला लावतात. मालवाहू गाड्यांनी बाजारात कोणत्या वेळेत यायचे, हाही पोलिसांच्या अधिसूचनेचा विषय आहे. रविवार पेठेतल्या व्यापाऱ्यांनी त्यासाठी नगरसेवकाचे घर गाठण्यापेक्षा रहदारी विभागाशी बसून बोलावे. नगरसेवक सोबत असला तर उत्तमच.

कॅम्प भागात तर महापालिकाही नाही. तिथे कॅन्टोन्मेंट बोर्ड आहे आणि शुल्काचा निर्णय त्याचा.

शुल्कात आणि दंडात आणखी एक फरक आहे, आणि तो खिशाला थेट लागतो. पावती गाडी बाहेर निघाली की संपते. चलन गाडीच्या नंबरवर चढते आणि भरले नाही तर तिथेच राहते. कर्नाटक सरकारने फेब्रुवारी २०२३ मध्ये थकलेल्या ई-चलनांवर ५० टक्के सवलत दिली होती, तेव्हा अनेकांनी जुनी चलने निकालात काढली. ती सवलत पालिकेच्या पार्किंग शुल्काला लागू नव्हती, आणि होणारही नव्हती.

इतके झाल्यावर मूळ दुखणे राहतेच. गाडी लावायला जागा का नाही? पांगुळ गल्ली, मेणसे गल्ली, अनसुरकर गल्ली माणसे आणि बैलगाड्यांच्या काळात वसल्या, त्यांना दोष देऊन उपयोग नाही. पण नव्या व्यापारी इमारतींचे नकाशे मंजूर होतात तेव्हा त्यात पार्किंग दाखवलेले असते. नंतर त्याच तळघरात गाळे निघतात, गोदाम होते, आणि गिऱ्हाइकाची गाडी रस्त्यावर येते. तिथे पोलीस चलन फाडतात. मंजूर नकाशाप्रमाणे तळघर मोकळे आहे की नाही हे पाहण्याचे काम पोलिसांचे नाही, पालिकेच्या नगररचना विभागाचे आहे. पार्किंगचे नियम बदलण्याची चर्चा सभागृहात होईल तेव्हा आपल्या नगरसेवकाला मी पहिल्यांदा हेच विचारीन : दर काय ठरवता ते नंतर सांगा, आमच्या प्रभागातल्या किती व्यापारी इमारतींची तळघरे तपासली? माहिती अधिकाराखाली एखाद्या संकुलाचा मंजूर नकाशा मागता येतो, आणि व्यापारी संघटनांनी तो मागायला हवा.

निपाणी आणि खानापूरच्या वाचकांसाठी एवढेच, की तिथे नगरपालिका आणि नगर पंचायत असल्याने शुल्काच्या बाजूला १९६४ चा कर्नाटक नगरपालिका कायदा येतो. दंडाच्या बाजूला मोटार वाहन कायदा तोच. बेळगाव शहरात चलनाबद्दल बोलायचे असेल तर आपली गल्ली रहदारी उत्तर विभागात येते की दक्षिण विभागात हे आधी विचारून घ्या, आणि पावतीबद्दल बोलायचे असेल तर तिच्यावरचे ठेकेदाराचे नाव आणि तारीख अर्जात लिहून महापालिकेत द्या, पोच घेऊन.