आवाजाला हात कोण लावतो?

तुर्भ्याच्या एपीएमसीत कांद्याचा ट्रक आला की गेटवरचा माणूस पावती बघतो, गाळा सांगतो आणि मागच्या गाडीकडे वळतो. गोणीला तो बोटही लावत नाही. ती माथाडीच्या पाठीवरून उतरते.

महापे-ऐरोलीच्या कॉल सेंटरांसाठी फोन जोडणारं फुकटातलं सॉफ्टवेअर निवडताना ‘ॲस्टेरिस्क भारी की कामाइलियो?’ असा वाद रंगतो, तेव्हा मला हे गेट आठवतं. गेटवाला भारी की माथाडी, असं कुणी विचारतं का?

इंटरनेटवरच्या कॉलमध्ये निरोप वेगळे, आवाज वेगळा. कोण कुणाला बोलावतंय, फोन उचलला, ठेवला, हे निरोप ‘सिप’च्या नियमांनी जातात. साध्या कॉलला ते मोजकेच लागतात. आवाजाचं ओझं मात्र अखंड. नेहमीच्या पद्धतीत आवाजाचे सेकंदाला 8000 नमुने घेऊन 20 मिलिसेकंदांची पाकिटं करतात. म्हणजे एका बाजूने सेकंदाला 50. शंभर कॉलांचा आवाज सर्व्हरमधून जाणार असेल, तर त्याला दर सेकंदाला 10,000 पाकिटं घ्यायची आणि तेवढीच पुढे ढकलायची.

कामाइलियो हा गेटवाला. फक्त निरोप वाचतो, म्हणून साध्या यंत्रावरही प्रचंड गर्दी हाताळतो. बर्लिनच्या संशोधन संस्थेत जन्मलेल्या प्रकल्पाचा हा वंशज. 2008 मध्ये त्याला हे हवाई बेटांवरचं नाव मिळालं. ओपनसिप्स हे तसंच काम करणारं सॉफ्टवेअर त्याचीच भावकी.

पण ‘मराठीसाठी एक दाबा’ हे ऐकवणार कोण? रेकॉर्डिंग, रांगेतलं संगीत? तिथे आवाजाला हात लावावाच लागतो. तो लावणारा माथाडी म्हणजे ॲस्टेरिस्क. मार्क स्पेन्सरने 1999 मध्ये ते लिहिलं, ते स्वतःच्या कंपनीसाठी टेलिफोन एक्स्चेंज घेणं परवडेना म्हणून! फ्रीस्विच हाही माथाडीच, पण नंतरचा, ॲस्टेरिस्कवर काम केलेल्या अँथनी मिनेसालेने सुरू केलेला. अनेकजण एकाच कॉलवर असतील अशा मोठ्या कॉन्फरन्सना मी तोच घेईन. दहाजण बोलत असतील तर प्रत्येकाला त्याचा स्वतःचा आवाज वगळून उरलेल्या नऊजणांची बेरीज ऐकवायची. म्हणजे दहा वेगळी मिश्रणं, तीही क्षणोक्षणी.

मोठ्या सेंटरात पुढे कामाइलियो, मागे चार-पाच ॲस्टेरिस्क. त्यातलं एक बंद पडलं तर नवे कॉल दुसरीकडे वळतात. त्यावर चालू असलेले मात्र तुटतात. नौपाड्यातल्या दवाखान्याला, जिथे फोनच सहा, तिथे जुन्या संगणकावर एकटं ॲस्टेरिस्क पुरतं.